विजेच्या तारा काढणारा माणूस

तुझा प्रश्न बराच लांब होता, इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तू एकवीस वर्षांचा, कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. अमेरिकेतला 'भूमिगत' कॉमिक काढणारा रॉबर्ट क्रम्ब तुझा हीरो. (उच्चारात 'ब' नाही, पण 'क्रम' लिहिलं तर लोक अनुक्रमणिका शोधत बसतील.) पहिली तक्रार अशी की सर तुझं प्रत्येक काम बघून "हे क्रम्बचं झालं, आता तुझं दाखव" म्हणतात. दुसरी जास्त बोचणारी. वर्गातल्या मैत्रिणीनं तुझ्याकडचा क्रम्बचा संग्रह चाळला, पाच-सहा पानं उलटली, मिटून परत दिला आणि विचारलं, "हे आवडतं तुला?" तुला उत्तर देता आलं नाही. आता तू मला विचारतो आहेस, क्रम्ब सोडून द्यावा का?

मी तीसेक वर्षं व्यंगचित्रं काढून घर चालवतो आहे. दिवाळी अंक, साप्ताहिकं, मधे काही वर्षं जाहिरातवाल्यांचे स्टोरीबोर्ड, सगळं केलं. तुझ्या वयात माझाही हीरो हाच माणूस होता. म्हणजे मी काही तटस्थ साक्षीदार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला तो सापडला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. तेव्हा तिथं जुन्या पुस्तकांच्या थप्प्याच्या थप्प्या लागायच्या. इंजिनीअरिंगच्या गाइडांखाली मुखपृष्ठ फाटलेलं एक कॉमिक दबलेलं होतं. विक्रेत्यानं बारा रुपये सांगितले, सहावर आला. त्या पानावर एक माणूस पाय लांब टाकत चाललेला, इतका लांब की पुढच्या पायाच्या बुटाचा तळवाच अर्धी चौकट खाऊन टाकतो. डोकं एवढंसं, बूट टेबलाएवढा. मला वाटलं, जुन्या पोपायच्या जातीचं लहान मुलांचं काहीतरी असेल. डोंबिवलीपर्यंतच्या लोकलमध्ये पुढची पानं उघडली आणि दोन स्टेशनांच्या आत ते मिटून बॅगेत टाकलं, कारण शेजारी एक काका वाकून बघायला लागले होते. घरी ते गादीखाली ठेवणं शक्य नव्हतं, गाद्या आई रोज उचलायची. ते सहा-सात वर्षं माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या मागच्या बाजूला चिकटवलेलं होतं.

मला त्याचा धक्का का बसला, ते कळायला वेळ लागला. आपल्याकडे चावटपणा नव्हता असं नाही. 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या आमच्या घरीही यायच्या. चंद्रशेखर पत्कींची ती चित्रं आठव. बाहेरून भलतंच काही चाललंय असं वाटतं, खिडकी उघडली की आत अगदी सोवळं दृश्य. चावटपणा बघणाऱ्याच्या डोक्यात, चित्र निर्दोष. क्रम्बची खिडकी बरोबर उलटी. बाहेरून गोबऱ्या गालांची, मोठ्या बुटांची, आजोबांच्या काळातली निरागस चित्रं. उघडलं की आत त्या माणसाच्या डोक्यातली सगळी घाण, भीती आणि वासना, झाकण नसलेली. मी 'आवाज'वर वाढलेला मुलगा. मला ही उलटी खिडकी म्हणजे कुणीतरी नियमच मोडल्यासारखी वाटली.

आता तो माणूस कोण, हे जरा बघू. तुझ्या पत्रात "एलएसडी घेऊन त्याला दृष्टी मिळाली" असं एक वाक्य आहे, ते मला खटकलं. क्रम्बचा जन्म १९४३ चा, फिलाडेल्फियातला. बाप मरीन दलातला, घरात सतत ताण. थोरला भाऊ चार्ल्स हा घरातला खरा कॉमिकवेडा. त्यानं धाकट्या भावांना कॉमिक काढायला अक्षरशः जुंपलं होतं. १९५८ मध्ये या दोघांनी 'फू' नावाचं स्वतःचं मासिक काढलं आणि दारोदार विकायचा प्रयत्न केला. १९६२ मध्ये क्रम्ब क्लीव्हलंडला अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीत शुभेच्छापत्रं काढायला लागला. तिथं साहेबांना सगळं गोड, गोंडस हवं असायचं, आणि तो गोंडसपणा हातातून पुन्हा कधी पूर्ण गेला नाही असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. १९६५ मध्ये एलएसडी घेतलं तेव्हा त्याच्या मागे पंधरा-एक वर्षांचा रोजचा रियाझ होता. त्या काळात त्याच्या वहीत नवी पात्रं उतरली हे खरं. पण ती उतरली ती तयार हातात. गोळी खाऊन हात येत असता तर सॅन फ्रान्सिस्कोमधल्या हिप्पींच्या हेट-अ‍ॅशबरीत तेव्हा प्रत्येक दाराआड एक क्रम्ब बसलेला असता.

तिथंच, १९६८ च्या सुरुवातीला, 'झॅप' या त्याच्या कॉमिकचा पहिला अंक निघाला. किंमत पंचवीस सेंट. प्रकाशक डॉन डोनाह्यू, छापणारा चार्ल्स प्लायमेल नावाचा कवी, आणि विक्रीची व्यवस्था म्हणजे तान्ह्या बाळाची ढकलगाडी. तीत अंक भरून क्रम्ब आणि त्याची गरोदर बायको डेना हेट स्ट्रीटवर उभे राहिले. 'भूमिगत' या शब्दानं तुला तळघर आणि गुप्त छापखाना दिसत असेल, तसं काही नव्हतं. १९५४ मध्ये तिकडच्या कॉमिक प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली होती, आणि तिचा शिक्का नसलेलं कॉमिक वितरक उचलायचे नाहीत. म्हणून ही मंडळी त्या वाटेनं गेलीच नाहीत. पोस्टरं आणि चिलमी विकणाऱ्या दुकानांतून अंक खपले. आपल्याकडे त्याच दशकात 'असो'सारखी अनियतकालिकं निघत होती, तीही रुळलेल्या मासिकांना वळसा घालूनच. योगायोग असा की तो प्लायमेल अ‍ॅलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीच्या गोतावळ्यातला, आणि गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या कवींना भेटून गेला होता. कविता इकडे पोचली. कॉमिकला फुटपाथपर्यंत यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

असो. तुझा पहिला प्रश्न, नक्कल.

तू पाठवलेली चार पानं मी मोठी करून बघितली. सर बरोबर बोलतात, पण अर्धंच. तू क्रम्बचं हॅचिंग, म्हणजे रेघांवर रेघा घालून छाया भरणं, उचललं आहेस, त्याची नजर नाही. तुझ्या दुसऱ्या पानावर जो म्हातारा बाकावर बसला आहे, त्याच्या गालावर, कोटावर, बाकावर आणि मागच्या भिंतीवर एकाच जातीच्या तिरक्या रेघा आहेत. सगळं पायपुसण्यासारखं विणून काढलं आहेस. क्रम्बची एखादी चौकट भिंगाखाली धर. गालावरची रेघ गालाच्या गोलाईनं वळते, बाहीवरची रेघ घडीपाशी तुटते, भिंतीवरची सरळ आणि विरळ असते. प्रत्येक रेघ खालच्या वस्तूला विचारून पडलेली आहे. काळं करायचं म्हणून पडलेली नाही. मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं पायपुसणीच विणली. एका संपादकांनी माझं चित्र परत करताना मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "पाऊस का पडतो आहे?" चित्र होतं दिवाणखान्याचं.

आणि ही रेघ त्याचीही स्वतःची नाहीच. त्याचे बूट आणि नाकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्तमानपत्री पट्ट्यांमधली, पोपाय काढणाऱ्या सेगारची. गोष्ट सांगायची शिस्त डोनाल्ड डकवाल्या कार्ल बार्क्सची. खवचटपणा 'मॅड' या विनोदी मासिकवाल्या हार्वी कर्ट्झमनचा. आणि ते दाट विणकाम एकोणिसाव्या शतकातल्या खोदकामांसारखं. यातलं सगळं शिळं होतं, साठच्या दशकात फॅशनबाहेर गेलेलं. तुला नक्कल करायचीच तर त्याच्या आजोबांची कर. किंवा आपल्या आजोबांची. वसंत सरवट्यांची रेघ एकदा नीट बघ, ती कुठे संपते ते. शि. द. फडणिसांची सपाट, शब्दच नसलेली चित्रं बघ. क्रम्बपासून याहून लांबचं काही नाही, आणि म्हणूनच तुझ्या हाताला थोडी ओढ बसेल.

मला क्रम्बकडून जे खरं मिळालं ते त्याच्या घाणेरड्या पानांतून मिळालं नाही. 'अमेरिकेचा संक्षिप्त इतिहास' नावाचं त्याचं १९७९ चं काम आहे. बारा चौकटी, संवाद एकही नाही, सगळ्यांत जागा तीच. पहिलीत माळरान आणि झाडं. मग आगगाडी येते. मग एक घर, कच्चा रस्ता. मग खांब आणि तारा. रस्ता डांबरी होतो, ट्राम येते, मोटारी येतात, ट्राम जाते. झाडं एकेक करून नाहीशी होतात आणि प्रत्येक नाहीशा झालेल्या झाडाच्या जागी आभाळात दोन तारा वाढतात. शेवटच्या चौकटीत आभाळ म्हणजे नुसता तारांचा गुंता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रश्न, आता पुढे काय? मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोंबिवलीत होतो. आमच्या गल्लीतली शेवटची वाडी नुकतीच पाडली होती आणि तिथं चार मजली इमारतीचे पाये खणले जात होते. मी खिडकीत जाऊन उभा राहिलो आणि विजेच्या तारा मोजल्या. मी त्या गल्लीत जन्मलो होतो, तिथली शंभर चित्रं काढली होती, आणि एकाही चित्रात तार नव्हती. मी आभाळ कोरं सोडत होतो. ते कोरं नव्हतंच.

त्याची आणखी एक युक्ती सांगतो. रस्त्यावरचे खांब, ट्रान्सफॉर्मर, सिग्नल, लोंबणाऱ्या केबल यांचे फोटो त्यानं पुढे मुद्दाम काढून घेतले. एका मित्राबरोबर गाडीतून साध्या, कुणीही वळून बघणार नाही अशा चौकांत फिरून. कारण असल्या गोष्टी मनानं काढता येत नाहीत. आपला मेंदू त्या गाळूनच बघतो. तू तुझ्या चित्रात गल्ली काढली आहेस, ती कुठल्याच गावातली नाही. केबलवाल्यानं गच्चीवरून गच्चीवर टाकलेली काळी वायर, तिला मधेच मारलेली गाठ, मीटरच्या डब्यावर चिकटवलेलं ट्यूशनचं स्टिकर, पाण्याच्या टाकीखालचा हिरवा ओघळ, हे कुठं आहे? आठवडाभर फक्त एवढंच काढ. माणूस एकही काढायचा नाही.

त्याच जातीचं दुसरं काम. हार्वी पेकर नावाचा क्लीव्हलंडच्या सरकारी इस्पितळातला फायली लावणारा कारकून क्रम्बचा जुना मित्र, दोघांना जुन्या रेकॉर्डींचं वेड. पेकरला चित्र काढता येत नव्हतं. तो काड्यांची माणसं काढून त्यावर संवाद लिहायचा. १९७६ पासून त्याचं स्वतःचं कॉमिक निघू लागलं आणि सुरुवातीच्या काही गोष्टी क्रम्बनं काढल्या. एकीत तर चार पानं फक्त एक माणूस समोर बघून बोलतो, टेलिफोनच्या डिरेक्टरीत आपल्याच नावाची दुसरी माणसं सापडली त्याबद्दल. चौकटींमागून चौकटी तोच चेहरा, तोच शर्ट. हात फार हालत नाहीत. वाचताना मात्र नजर ढळत नाही, कारण प्रत्येक चौकटीत भुवई किंवा ओठ केसभर सरकलेला असतो. जो माणूस भडकपणासाठी प्रसिद्ध, त्यानं मित्राच्या गोष्टीसाठी स्वतःला किती मागे ठेवलं ते बघ. सरांना पुढच्या वेळी असं पान दाखव. ते "क्रम्बचं" म्हणणार नाहीत.

आता मैत्रीण.

तिनं जे पाहिलं ते तिथं आहे. "तो काळच तसा होता" किंवा "उपरोध आहे, तुला कळला नाही" असलं काही तिला सांगू नकोस. मी ही दोन्ही उत्तरं वर्षानुवर्षं दिली आहेत आणि दोन्ही पळवाटा आहेत. 'तो काळ' म्हणावं तर त्याच काळात, त्याच गावात ट्रिना रॉबिन्स या व्यंगचित्रकार बाईंनी तोंडावर सांगितलं होतं की बायकांवरचे हे अत्याचार विनोदी नाहीत. तेव्हा मित्रमंडळींनी त्यांनाच विनोदबुद्धी नसलेली ठरवलं. त्यांनी मग १९७० मध्ये इतर बायकांना बरोबर घेऊन स्वतःचं कॉमिक काढलं, आणि १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं. म्हणजे काळ दोन्ही होता. क्रम्बच्या वर्तुळानं त्यातला एक निवडला.

उपरोधाचं तर त्याहून वाईट. त्यानं काळ्या बाईचं जे एक पात्र रंगवलं, जाड ओठांचं, अर्धनग्न, ते गोऱ्या माणसाच्या डोक्यातली घाण दाखवण्यासाठी होतं असं त्याचं म्हणणं. असेलही. पण १९९३ मध्ये 'वियर्डो' या त्याच्या मासिकात त्यानं काळे आणि ज्यू यांच्याबद्दलच्या वंशद्वेषी भीतीची टर उडवणाऱ्या दोन गोष्टी काढल्या, आणि खऱ्याखुऱ्या वंशद्वेष्ट्यांनी त्या न विचारता उचलून आपल्या पत्रात छापल्या. त्यांना त्यात टर दिसलीच नाही. ज्याची खिल्ली उडवायची त्यालाच चित्र आवडलं तर चुकलं कुठं, हे मला अजून पूर्ण सुटलेलं नाही. मला वाटतं हात फार चांगला होता हेच चुकलं. द्वेषाचं चित्र इतक्या प्रेमानं, इतक्या रेघा घालून काढलं की ते सुंदर दिसायला लागतं.

मी हे सांगतोय तो काही धुतल्या तांदळासारखा नाही. पहिली दहा वर्षं माझं दिवाळीचं मानधन लाटणं घेतलेल्या जाड्या बायकांवर आणि खुर्चीच्या टोकाला बसलेल्या सेक्रेटरीवर आलेलं आहे. संपादक मागायचे, मी द्यायचो, कधी मागायच्या आधीच द्यायचो. क्रम्बनं निदान त्या पानांत स्वतःला काढलं होतं. काड्यांच्या पायांचा, जाड चष्म्याचा, लाळ गळणारा एक हडकुळा माणूस, आणि त्याच्याकडे बघून वाचणाऱ्याला शिसारी यावी अशी व्यवस्था. माझ्या लाटणेवाल्या चित्रांत मी कुठेच नव्हतो. मी चौकटीबाहेर उभा राहून हसत होतो. यानं त्याची पानं धुतली जात नाहीत. पण मला माझ्या चित्रांची लाज वाटायला सुरुवात झाली ती त्याचीच पानं बघून, हेही खोटं नाही. लाटणं मी सोडलं. दोन ठिकाणची कामं गेली.

मैत्रिणीला तू एवढंच म्हणू शकतोस: ही पानं मला आवडत नाहीत, ही चार आवडतात, आणि काढणारा एकच आहे. ती म्हणेल, मग मला बघायचं नाही. ते तिचं. तिला एलीन कोमिन्स्कीची पानं मात्र जरूर दे. ही क्रम्बची दुसरी बायको, २०२२ मध्ये गेली. चित्रांचा हात कच्चा, ओबडधोबड, आणि स्वतःबद्दल लिहिताना नवऱ्याहून निर्दय. दोघं एकाच पानावर चित्रं काढायची, ती स्वतःला, तो स्वतःला. तिच्या वेड्यावाकड्या रेघेशेजारी त्याची सुबक रेघ कित्येकदा उगाच नटल्यासारखी दिसते.

अश्लीलतेच्या खटल्याबद्दल विचारलं आहेस. 'झॅप'च्या चौथ्या अंकावरून न्यूयॉर्कमध्ये खटला झाला आणि १९७० मध्ये विकणाऱ्यांना शिक्षा झाली. चित्रकाराला नाही, दुकानदाराला, हे ध्यानात ठेव. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता स्थानिक समाजाच्या मापानं ठरवायची असं म्हटल्यावर दुकानदार घाबरले आणि ही चळवळ तिथून ओसरली. आपल्याकडे उलटं घडलं. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले. पण सात वर्षं गेली. तेवढी उमेद आणि वकिलाचे पैसे असतील तर काढ.

पैशाचं एक राहिलं, आणि ते तुला कॉलेजात कुणी शिकवणार नाही. तो मोठ्या बुटाचा माणूस पुढे अमेरिकेत टी-शर्टांवर, ट्रकच्या चिखलरोधकांवर, घड्याळांवर सगळीकडे छापला गेला. क्रम्ब कोर्टात गेला आणि सत्तरच्या दशकात एका निकालात हरला, कारण हक्काची ओळ न टाकता चित्र छापलं गेलं होतं असं कोर्टानं धरलं. आपल्या कायद्यात अशी ओळ नसली तरी हक्क जात नाही, पण मूळ चित्र हातातून गेलं की भांडायला तुझ्याकडे काही उरत नाही. माझी चौदा मूळ चित्रं एका साप्ताहिकाच्या कपाटात राहिली, कपाट भंगारात गेलं, आणि मला फोनवर सांगण्यात आलं की जागा हवी होती. स्कॅन पाठव, मूळ कागद देऊ नकोस. क्रम्बनं पुढं आपल्या काही वह्या देऊन त्या बदल्यात दक्षिण फ्रान्समध्ये घर घेतलं आणि १९९१ मध्ये तिकडे राहायला गेला. वह्या जपलेल्या होत्या म्हणून.

उत्तरवयातलं एक काम सांगतो, तुझ्या यादीत नव्हतं. २००९ मध्ये त्यानं बायबलमधला 'उत्पत्ती' हा ग्रंथ पूर्ण, पन्नासही अध्याय, एक शब्द न गाळता आणि एकही विनोद न घालता चितारला. त्यात अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला अशा वंशावळी येतात, ज्या वाचताना आपण सरळ ओलांडतो. त्यानं त्या नावांना चेहरे दिले. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीत वेगळा दाढीवाला, कुणाचं नाक मोडकं, कुणाचे डोळे मिचमिचे. ज्यांच्याबद्दल नावापलीकडे काहीच माहीत नाही अशी माणसं. ग्रंथालयात मिळालं तर ती पानं बघ. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली होती.

आणि शेवटी तू विचारलेलं, तुझं बारीक नळीचं पेन सारखं अडतं. क्रम्ब वापरायचा तसलंच हवं म्हणून तू ०.१ चं घेतलं आहेस, तिथंच चूक आहे. आपल्या हवेत आणि आपल्या कागदावर ते टिकत नाही. कार्ट्रिज पेपरचे तंतू नळीत शिरतात आणि मे महिन्यात शाई आत सुकते. ०.३ घे, गुळगुळीत आयव्हरी कार्डावर काढ. अडलं तर नळीतली तार ओढून काढू नकोस, वाकली की पेन गेलं. पुढचा भाग कोमट पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी आडवं धरून हलव. आत टक्-टक् आवाज आला तर सुटलं. नाही आला तर होल्डर आणि निब घे, स्वस्त पडतं, आणि रेघ जाड-बारीक होते तेव्हा हात काय करतो आहे ते तरी कळतं.